थेंबांचा ताप

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोज लिहायचं. हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच रद्दीत जातात, ती तरी कारणी लागतील. हिशेब पुढून, मी मागून.

धाकटीकडे येऊन दोन महिने झाले. पंधरा दिवसांसाठी आले होते, पण तिचं माझ्यावाचून अडतं. ती तसं बोलून दाखवत नाही. परवा म्हणाली, आई, तुला तिकडे घराची काळजी नाही का गं वाटत? किती विचार करते पोर. मी म्हटलं, घराला कुलूप आहे, तू निर्धास्त राहा.

नव्या वर्षाचे संकल्प: जप पुरा झाल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही, गॅसवर काहीही असो. धाकटीचं काम समजून घ्यायचं, म्हणजे जेवताना बोलायला विषय होईल. आणि एप्रिलात तिचा प्रबंध संपला की तिला घेऊनच घरी जायचं. आमच्याकडच्या कॉलेजात जागा निघणार आहे. म्हणजे निघेलच. देवाला सांगून ठेवलं आहे.

६ जानेवारी, मंगळवार

काम समजलं. मॅट्रिकला सायन्समध्ये मला बरे मार्क होते, त्याचा उपयोग झाला.

जेवताना विचारलं तर म्हणाली, दमलेय गं. मी म्हटलं, दमलीस म्हणूनच सांग, बरं वाटेल. मग सांगितलं.

इंजिनात इंधन बारीक बारीक थेंब होऊन उडतं. तो थेंब किती तापलाय हे कळलं, तर तो कधी वाफ होईल, नीट जळेल की नुसता धूर करील, हे कळतं. म्हणजे शेवटी काटकसरच. माझ्यावर गेली आहे. पण थेंब केसाएवढा. त्यात थर्मामीटर घालायचा कुठून? टोक लागलं की थेंबच संपला. म्हणून इंधनात चमकणारं एक औषध मिसळतात, बंद काचेच्या पेटीत एकामागून एक थेंब सोडतात आणि बाहेरून जांभळा प्रकाश मारतात. थेंब दोन रंगांत चमकतो, निळा आणि हिरवा. थंड असला तर हिरवा जास्त. तापला की निळा चढतो. दोन्ही रंग ताडून पाहायचे. थेंब लहान असो की मोठा, फरक पडत नाही. हात न लावता ताप कळतो.

मी म्हटलं, एवढंच? तर म्हणाली, हो आई, एवढंच, चार वर्षं झाली.

९ जानेवारी, शुक्रवार

धाकटीचाही ताप असाच मोजायचा ठरवलं. मनाचा. तिला सरळ विचारलं की ती थेंबासारखी नाहीशी होते, म्हणजे खोलीत जाते आणि दार लावते. तेव्हा हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. दोन रंग ठरवले: किल्ल्या आणि ताट. किल्ल्या खुंटीला अडकवल्या तर हिरवा, टेबलावर टाकल्या तर निळा. ताट स्वच्छ तर हिरवा, अन्न उरलं तर निळा.

आज किल्ल्या टाकल्या. ताटात निम्मं उरलं. पण खुंटी जरा उंच आहे आणि भाजीत मीठ जास्त पडलं होतं. ते वजा केलं तर हिरवाच. धाकटी खुशीत आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. तोंडाच्या जरा फटकळ. पण दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नाही, म्हणून उसवलेली उशी घेऊन गेले. म्हणाल्या, अजून आहात का तुम्ही? मला वाटलं गेलात. तुमची लेक आधी संध्याकाळी माझ्याकडे चहाला टेकायची, हल्ली जिन्यातूनच पळते. मी म्हटलं, अभ्यासाची ओढ आहे. त्या म्हणाल्या, असेल बाई, सकाळी साडेसहाला ओढ लागते तिला.

उशीचे पैसे घेतले नाहीत. मात्र पुढच्या वेळी उसवून आणू नका, नुसत्याच या, म्हणाल्या. त्यांना काय कळलं कोण जाणे. मी मुद्दाम थोडीच उसवली होती. शिवण आधीच सैल होती.

१७ जानेवारी, शनिवार

धाकटीचा कामावरचा पांढरा कोट धुवायला काढला. बाहीला डिझेलचा वास. हे बस चालवायचे, तेव्हा ह्यांच्या सदऱ्यालाही असाच यायचा. दोनदा साबण लावून घालवला.

खिशात पांढऱ्या मऊ कागदांचे बोळे निघाले. काचेच्या पेटीवर जरा डाग पडला तरी मापात फरक येतो, म्हणून दर वेळी पुसतात, आणि एकदा पुसला की कागद टाकून देतात. किंमत विचारली. ऐकून हातातलं भांडं खाली ठेवलं.

हा पैसा वाचवणं माझ्या हातात आहे. येताना जुनी पांढरी चादर आणली होती, ह्यांच्या वेळची, विरून मऊ झालेली. तिचे रुमाल कापले. खालच्या बाईंच्या मशीनवर कडा दुमडून घेतल्या. बाई म्हणाल्या, कापडाचा इंजिनाशी काय संबंध? मी त्यांना दोन रंग समजावून सांगितले. त्यांनी मशीन जोरात चालवलं.

धाकटी म्हणाली, अगं नको आई, तिथे असलं चालत नाही. मी तरी पिशवीत घातले.

२१ जानेवारी, बुधवार

चालतं. कागदाचा खोका संपला, नवीन मागवला तर ऑफिसात कोणाची तरी सही अडली. नाइलाजानं तिनं रुमाल काढले. सरांनी विचारलं, हे कुठले? तर म्हणाली, आईनं दिलेत. सर म्हणाले, बरे दिसतायत, स्पिरिट लावून वापर.

सर म्हणजे तिचे गाइड. शहाणा माणूस वाटतो.

आज किल्ल्या खुंटीला. ताट स्वच्छ. काहीही वजा करावं लागलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

रुमाल धुवायला घरी आणवले. पिवळट दिसत होते. माझ्या हातचे रुमाल आणि पिवळट, चारचौघांत बरं दिसत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे पांढरेशुभ्र करायची पावडर आहे, पाच पुडे घेतले तर सहावा फुकट. सहा आणले. रुमालांबरोबर कोट, माझी शाल, उशीचे अभ्रे, सगळंच त्यात काढलं. दोरीवर असे झळकत होते की खालच्या बाईंनी डोळ्यांवर हात धरला.

इस्त्री केली. देवापुढे क्षणभर ठेवले, मग धाकटीच्या पिशवीत. यापुढे दर रविवारी असंच करायचं. प्रबंधाला माझा हातभार.

२७ जानेवारी, मंगळवार

थेंबांना ताप आला आहे. काल सोमवारी, सव्वीस जानेवारीची सुट्टी असूनही धाकटी गेली, तर सगळे थेंब गरम निघाले. बाटलीतलं इंधन थंड, पेटीतली हवा थंड, आणि थेंब मात्र तापलेले. धाकटी म्हणाली, असं होऊच शकत नाही. मी म्हटलं, लहान लेकरांनाही असाच येतो, कारण नसताना, आणि जातो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मागचा आठवडाभर ताप उतरत गेला, शुक्रवारी जवळपास गेला. काल सोमवारी पुन्हा चढला. सरांनी दिवा तपासला, बाटली बदलली, औषधही नवं घातलं. काही नाही.

मला कारण समजलं आहे. रविवारी सुट्टी, खोली बंद, हवा कोंदते. शनिवारी खिडकी किलकिली ठेवून ये म्हटलं. म्हणाली, आई, त्या खोलीला खिडकीच नाही. मग बरोबरच आहे, अजूनच कोंदत असणार.

८ फेब्रुवारी, रविवार

माझ्याकडून कसूर नको म्हणून आज पावडर दुप्पट घातली. जपही दुप्पट. मध्ये एकदाच उठले, दूध उतू जात होतं. ते धरत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कालचा ताप आजवरचा सगळ्यांत मोठा. म्हणजे दुप्पट जप केला नसता तर काय झालं असतं, विचारच नको.

धाकटी आली, किल्ल्या कुठे ठेवल्या कळलं नाही, कारण थेट न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. आंघोळीचा आवाज नव्हता, नुसता नळ. पाण्याची नासाडी. यावर तिच्याशी बोलायला हवं. दाराशी जाऊन उभी राहिले. टकटक केली नाही. हात लावायचा नाही असं ठरलेलं आहे.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल. साबण गेला असेल.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सर म्हणाले आहेत, सोमवारचा ताप कुठून येतो हे पंधरा मार्चपर्यंत कळलं नाही, तर प्रबंध सहा महिने पुढे जाईल. मापंच खोटी असतील तर त्यावर लिहायचं काय. धाकटीनं हे मला सांगितलं नाही, फोनवर कोणाला तरी सांगत होती. मी दाराजवळ सहज फरशी पुसत होते.

पण मला काळजी नाही. आज गावाकडे रंगाऱ्याला फोन केला. धाकटीची खोली रंगवून घ्यायची आहे. रंग विचारला, म्हटलं फिकट हिरवा. थंड थेंबाचा. त्याला ते कळलं नाही. धाकटीला रात्री सांगितलं तेव्हा ती काहीतरी बोलणार होती, पण ताटाकडे बघत राहिली. भरून आलं असणार.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ताप आहेच. धाकटी आता जेवताना बोलत नाही. मी आज तीन वाक्यं पाठ करून ठेवली होती, निळ्याबद्दल दोन आणि हिरव्याबद्दल एक. पहिल्यालाच म्हणाली, आई, प्लीज. मग घड्याळाचा आवाज फार येत होता, म्हणून रेडिओ लावला. तिनं तो बंद केला. घड्याळ राहिलं.

प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जाऊन बघायचं ठरवलं. लांबून किती सांभाळणार. ती नको म्हणाली. पण पुढच्या सोमवारी ती डबा विसरणार आहे.

२ मार्च, सोमवार

डबा विसरली. ओट्यावर पिशवीमागे राहिला होता. कसा राहिला देव जाणे. झळझळीत शाल पांघरून निघाले.

लांबलचक कॉरिडॉर, सगळी दारं सारखी. एका पहारेकऱ्यानं पोचवलं. धाकटीनं मला बघितलं आणि आई एवढंच म्हणाली, तेही हळू. सरांनी मात्र उठून खुर्ची दिली. या, बसा, तुमच्या रुमालांवर आमचं दुकान चाललंय, म्हणाले. मी म्हटलं, त्यात काय एवढं.

मी दोन रंगांचं बोलून दाखवलं. सर खूश झाले. म्हणाले, आलाच आहात तर चमक कशी असते ते दाखवतो. रोजच्या कामाचा प्रकाश सुईएवढा, पेटीतल्या पेटीत असतो, डोळ्यांना चष्मे लावून काम करतात, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. पण पाहुण्यांसाठी त्यांच्याकडे हातात धरायचा जांभळा दिवा आहे. त्यांनी खोलीतले दिवे मालवले आणि तो लावला. इंधनाच्या बाटलीवर धरणार, तेवढ्यात मीच उजळले.

खरंच. पूर्ण शाल निळीपांढरी, चांदण्यासारखी. माझेच हात मला त्या उजेडात दिसत होते. क्षणभर वाटलं, इतक्या वर्षांच्या जपाचं हे फळ असावं. मी हात जोडले.

मग धाकटीकडे पाहिलं तर तिचा कोटही तसाच. टेबलावर रुमालांची चळत होती, तीही तशीच. आणि काचेच्या पेटीवर निळा फराटा, गोल गोल, पुसणाऱ्या हाताच्या वळणाचा.

कुठलं तरी यंत्र घुमत होतं. मीच म्हटलं, तेज आहे ना? दर रविवारी पावडर घालून धुते मी. मध्यंतरी दुप्पट घातली होती.

धाकटी म्हणाली, रविवारी? आणि स्टुलावर बसली.

सरांनी फार अदबीनं विचारलं, कुठली पावडर? सांगितलं. पाचावर एक फुकट हेही सांगितलं. ते हसायला लागले, पण धाकटीकडे बघून थांबले. दिवे लावले. डबा तसाच राहिला.

३ मार्च, मंगळवार

धाकटीनं समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या पावडरीत एक औषध असतं, ते कपडा स्वच्छ करत नाही. नुसतं निळं चमकतं, आणि आपल्या डोळ्यांना वाटतं कपडा पांढरा झाला. ते रुमालातून काचेवर गेलं. जांभळा प्रकाश पडला की थेंबाच्या निळ्यात काचेचा निळा मिसळायचा, आणि यंत्र म्हणायचं थेंब तापलाय. सोमवारी रुमाल ताजे, म्हणून ताप जास्त. स्पिरिट लावून लावून शुक्रवारपर्यंत उतरायचा. पंचवीस जानेवारीपासूनची सगळी मापं टाकून द्यायची. पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे थेंबांना ताप नव्हताच. ही आनंदाचीच बातमी झाली. आणि पंधरा मार्चच्या आत कारण सापडलं, तेही मी गेले म्हणून. सरांच्या हे लक्षात आलं असणार. बोलले नाहीत इतकंच.

पावडरवाल्यांची मात्र कमाल आहे. स्वच्छ काही करायचं नाही, नुसतं चमकायचं. आणि माणूस दर रविवारी हौसेनं वापरतो.

५ मार्च, गुरुवार

धाकटी म्हणाली, आई, तुझं तिकीट काढू का? मी म्हटलं, दोघींचं एकदमच काढू, एप्रिलात. ती बराच वेळ किल्ल्या हातात फिरवत बसली. मग म्हणाली, मला लांब नोकरी मिळाली आहे. दुसऱ्या देशात, इंजिनांच्याच कामाची. डिसेंबरमध्येच हो म्हटलंय. तुला सांगणार होते गं, पण तू खोलीच्या रंगाचं बोलायला लागलीस.

मी विचारलं, तिकडे थंडी असते का. म्हणाली, असते. मी म्हटलं, मग रंग अगदीच वाया नाही गेला, सुट्टीत येशील तेव्हा. ती हो म्हणाली. लगेच म्हणाली. फार लगेच.

वजा काय करायचं ते सुचलं नाही.

८ मार्च, रविवार

निघाले. घर एवढे महिने बंद ठेवणं बरं नव्हे, नळ गंजतात. धाकटीला मी हे नीट पटवून दिलं. तिला पटलं.

खालच्या बाई जिन्यात आल्या. म्हणाल्या, उशा घेतल्यात ना सगळ्या? मग म्हणाल्या, तुमच्या लेकीला चहाला बोलवीन मी. त्यांचा आवाज जरा बसला होता. धुळीचा त्रास असावा, कापडाच्या कामात होतो.

पावडरीचे चार पुडे उरले होते. सोडून कशाला यायचं. बॅगेत तळाशी घातले.

गाडी सुटायच्या आधी धाकटीनं तिचा जुना कोट दिला. तिला नवा मिळाला आहे. म्हणाली, फडक्यांना होईल तुला, कापड चांगलंय. मिठी मारली. किल्ल्या तिच्या खिशात होत्या, त्या मला टोचल्या. मी हलले नाही.

२२ मार्च, रविवार

रोज लिहायचा संकल्प होता. लिहिण्यासारखं काही घडत नाही. खोली रंगवून झाली. रंगाऱ्यानं गडद हिरवी केली. बोलले नाही.

जप आता वेळेवर पुरा होतो. मध्ये उठावं लागत नाही. एका माणसाचं दूध, उतू जायला वेळ लागतो.

१२ एप्रिल, रविवार

धाकटीचा फोन. कागदानं पुसून सगळी मापं पुन्हा घेतली. सोमवारचीही. थेंबांना ताप नाही, आई, म्हणाली. सरांनी तुला कळवायला सांगितलंय. मग मागे कोणीतरी तिला हाक मारली आणि ती हसली, खूप दिवसांनी. फोन ठेवायच्या आधी विचारलं, तू बरी आहेस ना? मी म्हटलं, मला काय होतंय.

हा फोनवरून मोजायचा ताप. नीट कळत नाही.

कोट खुंटीला आहे. फडकी अजून कापली नाहीत. बाहीला डिझेलचा वास आहे, ह्यांच्या सदऱ्याचा. आज रविवार, धुवायचाच होता. राहिला. पावडर संपली आहे. बॅगेच्या तळाशी बघितलं नाही.